पंधरा ते पन्नास : जुन्या मोटारसायकलींचे अधांतरी वय

वाड्याच्या बोळात, बंगल्याच्या पडवीत किंवा गृहनिर्माण संस्थेच्या वाहनतळाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली वडिलांची येझदी किंवा काकांची राजदूत पुन्हा रस्त्यावर आणण्याचा छंद महाराष्ट्रातील शहरांत चांगलाच रुजला आहे. एकेकाळी हा मोजक्या संग्राहकांचा शौक होता. आता त्यात नोकरदार मध्यमवर्गीयही उतरला आहे. रविवारची सकाळ, पान्यांचा एक संच, जुन्या वर्तमानपत्रावर मांडून ठेवलेले नटबोल्ट आणि ओळखीतला एखादा वयस्क मिस्त्री एवढ्या भांडवलावर घरोघरी हे काम सुरू होते.

मात्र या हौसेला कायद्याची एक चौकट आहे आणि ती चौकट या गाड्यांच्या वयाशी मेळ खात नाही. नोंदणीनंतर पंधरा वर्षांनी मोटारसायकल कायद्याच्या दृष्टीने म्हातारी होते. पन्नास वर्षांनी तीच मोटारसायकल 'व्हिंटेज' म्हणून सन्मानास पात्र ठरते. मधली पस्तीस वर्षे मात्र तिला स्वतंत्र ओळख नाही. आज ज्या गाड्या सर्वाधिक प्रमाणात दुरुस्त केल्या जात आहेत, त्यांतील बहुतांश नेमक्या याच अधांतरी वयातील आहेत. म्हणूनच हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही. जतन करण्याजोगे काय आणि भंगारात काढण्याजोगे काय, हे ठरवण्याची आपली पद्धत त्यातून तपासली जात आहे.

तीन कारखान्यांचा काळ

या गाड्यांविषयी इतकी ओढ का, याचे उत्तर भारतीय उद्योगाच्या इतिहासात आहे. परवाना पद्धतीच्या काळात मोटारसायकल घेणाऱ्यापुढे प्रामुख्याने तीन पर्याय असत. मद्रासला १९५५ मध्ये स्थापन झालेल्या एनफिल्ड इंडियाची बुलेट, चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या परवान्याने म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून तयार होऊ लागलेली जावा आणि एस्कॉर्ट्सने पोलंडच्या आराखड्यावर १९६० च्या दशकात बाजारात आणलेली राजदूत. म्हैसूरच्या गाडीला १९७३ पासून 'येझदी' हे नाव मिळाले. त्याच वर्षीच्या 'बॉबी' चित्रपटामुळे राजदूतचे छोट्या चणीचे एक रूप घराघरांत पोहोचले.

१९८० च्या दशकात जपानी सहकार्याचे वारे आले. १९८३ मध्ये राजदूत ३५० आणि १९८५ मध्ये यामाहा आरएक्स १०० बाजारात आली. त्याच वर्षी आलेल्या हीरो होंडा सीडी १०० ने चार-स्ट्रोक इंजिनाची काटकसर भारतीय ग्राहकाला पटवून दिली. १९९६ मध्ये आरएक्स १०० चे उत्पादन थांबले आणि म्हैसूरचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला. पुढे २००० च्या दशकातील प्रदूषणाच्या कडक निकषांनी दोन-स्ट्रोक मोटारसायकली बाजारातून हद्दपार केल्या. नव्याने मिळणार नाही, अशी वस्तू लोक जपू लागतात, तसेच या गाड्यांचे झाले. जुन्या नावाला अजूनही बाजार आहे, हे कंपन्यांनीही ओळखले. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे नव्या गाड्यांवर पुन्हा झळकली, ती त्यामुळेच.

पूर्ववत करणे आणि पालटणे

घरच्या घरी होणाऱ्या या कामाच्या दोन वाटा आहेत आणि त्यांतील फरक ध्यानात घेतल्याशिवाय पुढची चर्चा निरर्थक ठरते. पहिली वाट गाडी पूर्ववत करण्याची. इंजिन उतरवले जाते, कार्बन काढला जातो, सिलिंडर झिजला असल्यास लेथवाल्याकडे बोअर करून वाढीव मापाचा पिस्टन बसवला जातो. दोन-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील महत्त्वाची असतात. ती वर्षानुवर्षे उभ्या गाडीत कडक होऊन चिरतात, त्यातून हवा आत शिरते, पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापून पिस्टन जाम होतो. नवा पिस्टन टाकून जुनी सील तशीच ठेवणारा हौशी कारागीर काही दिवसांत पुन्हा पहिल्या पायरीवर येतो, तो याच कारणाने. त्यानंतर पॉइंट, कार्ब्युरेटर, टाकीतील गंज, ब्रेकचे शू आणि चाकांचे आरे. या वाटेचे उद्दिष्ट एकच : कारखान्यातून निघाली तेव्हा गाडी जशी होती, तशी ती पुन्हा उभी करणे.

दुसरी वाट गाडी पालटण्याची. मागची चौकट कापून आखूड करायची, लांब आसनाच्या जागी एकट्याचे आसन बसवायचे, मडगार्ड काढून टाकायचे, हँडल खाली घ्यायचे, रुंद टायर चढवायचे आणि सायलेन्सर बदलायचा. अशा रीतीने 'कॅफे रेसर', 'बॉबर' किंवा 'स्क्रॅम्बलर' घडतो. त्यातील काही कामे कल्पकतेचा आणि कौशल्याचा उत्तम नमुना असतात, हे नाकारता येणार नाही. पण कापलेली चौकट पुन्हा मूळ रूपात आणणे कठीण असते आणि एकदा कापलेली जुनी गाडी ही जुन्या गाड्यांच्या संख्येतून एकाने कायमची वजा होते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ या बाबतीत स्पष्ट आहे. उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. उच्च न्यायालयाने दिलेली सवलत त्या निकालाने रद्द झाली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात आलेले कलम १८२-अ अधिक कठोर आहे. वाहनात बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मडगार्ड काढणे किंवा मागच्या चाकावरील साडीगार्ड उतरवणे या गोष्टी केवळ दिसण्याच्या नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे. मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरण्याची सोय, पावदान आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नसलेला भाग झाकणारे संरक्षण बसवणे केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२३ ने आवश्यक केले आहे. चाकात ओढणी किंवा पदर अडकून होणारे अपघात हे त्या नियमामागचे कारण आहे.

म्हणजे दुसरी वाट मुळात धोक्याची आहे. पण पहिल्या वाटेने जाणाऱ्याचीही सुटका नाही. इंजिन बदलावे लागले, रंग बदलला किंवा सहा व्होल्टची वीजप्रणाली बारा व्होल्टची करावी लागली, तर काय चालेल आणि कशाची नोंद करावी लागेल, याविषयी मालक, मिस्त्री आणि चौकातील पोलिस यांच्या समजुती वेगवेगळ्या असतात. पूर्ववत करणारा आणि पालटणारा या दोघांना स्पष्टपणे वेगळे ओळखेल, अशी तरतूद पन्नास वर्षांखालील गाड्यांसाठी कायद्यात नाही.

सन्मान, पण पन्नाशीनंतर

जुन्या वाहनांची दखल सरकारने घेतलीच नाही, असे म्हणता येणार नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या आणि चौकट, बॉडी किंवा इंजिन यांत लक्षणीय फेरबदल न झालेल्या खासगी दुचाकी व चारचाकी वाहनांना त्यांत स्थान मिळाले. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क ठरले. नोंदणी दहा वर्षांची आणि 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र क्रमांकमालिका अशी ही व्यवस्था आहे. आधीच नोंदणी असलेल्या वाहनांना आपला जुना क्रमांक राखण्याची मुभाही आहे. मात्र अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते.

या नियमांचा सर्वाधिक लाभ १९६० च्या दशकातील जावा किंवा त्या काळातील बुलेट जपणाऱ्यांना होईल. १९८५ ची आरएक्स १०० मात्र २०३५ पर्यंत या दारात उभी राहू शकत नाही आणि १९९६ मधील शेवटच्या गाड्यांना २०४६ उजाडावे लागेल. तोवर त्या सर्व 'जुनी वाहने' या एकाच सदरात मोडतात. नियमांतली आणखी एक अट हौशी मंडळींनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. आज चौकट कापून पालटलेली गाडी पन्नास वर्षांची झाली, तरी व्हिंटेज ठरणार नाही. आजचा कटर २०३५ चा अर्ज आजच फेटाळून टाकतो.

वाढत्या शुल्काचा अर्थ

दरम्यानच्या काळात जुन्या गाडीचे ओझे वाढवण्याचे धोरण पद्धतशीरपणे राबवले जात आहे. खासगी मोटारसायकलीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि नंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. त्यासाठीचे शुल्क ३०० रुपयांवरून एप्रिल २०२२ पासून १,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारसायकलींसाठी ते २,००० रुपये करण्यात आले. मुदत उलटून गेल्यास दरमहा ३०० रुपये विलंब शुल्क आहे. तीन वर्षांचे विस्मरण म्हणजे १०,८०० रुपये. याशिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे.

कागदपत्रांची अडचण याहून मोठी ठरते. गाडी आजोबांच्या नावावर, ते हयात नाहीत, आरसी बुक जीर्ण झालेले आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयातील नोंद हस्तलिखित, ही अनेक घरांतली स्थिती आहे. मालकाच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत वारसाने नाव बदलून घेण्यासाठी अर्ज करायचा असतो, हेच अनेकांना ठाऊक नसते. जुनी नोंद 'वाहन' या संगणकप्रणालीत चढवल्याशिवाय पुढचे कोणतेही काम होत नाही. एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी सक्तीची झाली, तेव्हा महाराष्ट्रात मुदत वारंवार वाढवावी लागली. संगणकात न सापडणाऱ्या गाड्यांच्या मालकांची त्या काळात विशेष धावपळ झाली.

दिल्लीतील घडामोडी या सगळ्याला वेगळे परिमाण देतात. राजधानी परिसरात पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली. जुलै २०२५ मध्ये अशा वाहनांना इंधन नाकारण्याचा निर्णय झाला आणि लोकक्षोभामुळे तो काही दिवसांतच थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने मालकांना दिलासा दिला. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र तो 'भारत स्टेज ४' आणि त्यापुढच्या वाहनांपुरताच मर्यादित झाला. तो निकष २०१७ मध्ये देशभर लागू झालेला असल्याने एकही जुनी मोटारसायकल त्या दिलाशात बसत नाही. महाराष्ट्रात अशी सरसकट वयोबंदी नाही. पण उद्या शहरांतील हवेच्या प्रश्नावर तसाच उपाय सुचवला गेला, तर अधांतरी वयातील या गाड्यांच्या बाजूने मांडण्यासारखा कायदेशीर आधार नाही, हे वास्तव आहे.

दुसरी बाजू

जुन्या गाड्यांच्या प्रेमात पडलेल्यांनी दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहायला हवी. दोन-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रण आत येत असतानाच धूर बाहेर जात असतो. त्यामुळे पेट्रोलचा मोठा हिस्सा न जळताच हवेत मिसळतो आणि सोबत जळके तेलही जाते. ही रचनेतील मर्यादा आहे. उत्तम दुरुस्तीने ती कमी होते, नाहीशी होत नाही. पीयूसी प्रमाणपत्र खिशात असणे हे त्यावर पुरेसे उत्तर नव्हे. मार्च २००० पर्यंतच्या दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ९,००० पीपीएम ही मर्यादा मुळातच सैल आहे.

आवाजाचा मुद्दा त्याहून संवेदनशील आहे. कर्णकर्कश सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरवण्याची कारवाई राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी केली आणि नागरिकांनी तिचे स्वागतच केले. मूळ सायलेन्सरसह गाडी जपणारे त्या गोंगाटात नाहक बदनाम होतात. घरातील कामाचेही काही धोके आहेत. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुंकून उडवण्याची सवय फुप्फुसांना घातक आहे. काढलेले इंजिन ऑइल गटारात ओतणे, बंदिस्त वाहनतळात पेट्रोलने सुटे भाग धुणे किंवा रंगाचा फवारा मारणे हा शेजाऱ्यांच्या सुरक्षिततेशी खेळ आहे. गृहनिर्माण संस्थांचा अशा कामाला होणारा विरोध दर वेळी आडमुठेपणाचा असतोच असे नाही.

नव्या इंधनाने यात भर घातली आहे. वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल आता सर्वत्र मिळते. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या, वॉशर आणि सील या इंधनासाठी बनलेले नाहीत. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेत असल्याने महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत गंज धरण्याचा धोका वाढतो. इथेनॉलला टिकणारे रबरी भाग बसवणे आणि गाडी दीर्घकाळ उभी ठेवताना टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करणे, हे जतनाचे नवे धडे आहेत.

हातातले ज्ञान

या वादात सहसा दुर्लक्षित राहणारा घटक म्हणजे कारागीर. पुण्यात नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने आणि जुना बाजार, कोल्हापुरात उद्यमनगरातील ओतशाळा आणि लेथ, मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार यांच्या आधाराने ही सारी दुरुस्ती उभी आहे. बंद पडलेल्या कारखान्याचा न मिळणारा भाग नमुना पाहून नव्याने घडवणारे लेथवाले आणि केवळ आवाजावरून पॉइंट पुढे-मागे करणारे मिस्त्री यांची पिढी आता वयस्क झाली आहे. इंजिनाची नाडी संगणकावर तपासणाऱ्या नव्या कार्यशाळांत हे ज्ञान शिकवले जात नाही आणि ते कुठे लिहूनही ठेवलेले नाही. घरात गाडी खोलून बसणारा तरुण या मिस्त्रीचा आता बहुधा शेवटचा विद्यार्थी आहे. गाडी भंगारात गेली, तर सोबत हे ज्ञानही जाते.

याच बाजारांची एक काळी बाजूही आहे. चोरीच्या गाड्या सुटे भाग करून विकल्या जातात. चौकटीवरील किंवा इंजिनावरील क्रमांक खरवडलेला भाग स्वस्तात मिळाला म्हणून घेणारा हौशी माणूस फौजदारी चौकशीत अडकू शकतो. म्हणून जाणकार सांगतात, की पाना हाती घेण्यापूर्वी कागद हाती घ्यावेत. चौकट आणि इंजिनाचे क्रमांक आरसीशी जुळतात का, नोंद संगणकात आहे का, कर थकला आहे का, हे न पाहता गाडी खोलणाऱ्याच्या पदरी शेवटी चालू इंजिनाची पण रस्त्यावर न नेता येणारी गाडी पडते.

मधली वाट

इतर देशांनी हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला आहे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येत तीस वर्षांचे, जतन केलेले आणि दैनंदिन वाहतुकीचे साधन म्हणून न वापरले जाणारे वाहन ऐतिहासिक ठरते. जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातील गाडीला तज्ज्ञाच्या तपासणीनंतर क्रमांकापुढे 'एच' अक्षर मिळते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर करात आणि वार्षिक तपासणीत सूट आहे, पण लक्षणीय फेरबदल केलेल्या गाडीला तपासणीची सूट मिळत नाही. तीनही ठिकाणी निकष एकच आहे : वय आणि अस्सलपणा यांचा एकत्रित विचार.

आपल्याकडे भंगार धोरण अस्सलपणा पाहत नाही आणि व्हिंटेज नियम तो पाहतात, पण फार उशिरा. तीस वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपातील मोटारसायकलींसाठी मर्यादित वापराचा एक मधला वर्ग निर्माण केला, तर शासनाचे फारसे काही बिघडणार नाही. अशा गाड्या महिन्यातून मोजके दिवस रस्त्यावर येतात. शहरांच्या हवेवर त्यांचा भार रोज धावणाऱ्या वाहनांच्या तुलनेत नगण्य असतो. वापरावर मर्यादा, सायलेन्सर मूळचाच असण्याची सक्ती आणि दर काही वर्षांनी तपासणी या अटी खऱ्या जतनकर्त्यांना जड वाटू नयेत. उलट, गाडी कापण्याऐवजी जपण्यात लाभ आहे, हा संदेश त्यातून तरुणांपर्यंत जाईल.

तसे झाले नाही, तर पुढची दिशा स्पष्ट आहे. शुल्क परवडणारे श्रीमंत संग्राहक आपल्या गाड्या पन्नाशीपर्यंत नेतील. मध्यमवर्गीय घरातली येझदी मात्र कागदपत्रांच्या जंजाळात वाहनतळातच गंजेल किंवा वजनावर विकली जाईल. पन्नास वर्षांच्या गाडीचा सन्मान करणाऱ्या कायद्याने, ती पन्नाशीपर्यंत पोहोचणार कशी याचाही विचार करायला हवा.